देवाचं पान आणि कुत्र्याचा घास

तुमच्या घरी चंपाषष्ठी असते का? असेल, तर हा लेख आधी पुरता वाचा आणि मगच भरताची वांगी आणायला बाहेर पडा. नसेल, पण दाराशी एखादा कुत्रा शेपूट हलवत तुमच्या हाताकडे बघत बसत असेल, तरीही वाचा. जेजुरीला जाऊन आल्यावर मला जे उमगलं ते वर्षभर आधी कुणी सांगितलं असतं, तर आमच्या घरचे काळजीचे पाच-सहा दिवस वाचले असते आणि आमच्या मोतीचा जीव टांगणीला लागला नसता.

पुण्याहून जेजुरी जेमतेम पन्नास किलोमीटर. हडपसर मागे पडलं की दिवे घाट लागतो. घाट चढताना खाली मस्तानी तलाव दिसतो. आषाढीच्या वारीत ज्ञानोबामाऊलींची पालखी हाच घाट चढून सासवडला आणि तिथून जेजुरीला जाते. सासवड आलं की रस्त्याच्या कडेला, मोसम असेल तेव्हा, सीताफळांच्या आणि अंजिरांच्या पाट्या मांडून बसलेल्या बायका दिसतात. पुरंदरच्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. आगगाडीने जायचं तर पुणे-मिरज मार्गावर जेजुरी स्टेशन आहेच.

आम्ही गेलो ते २०२३ च्या डिसेंबरात, खंडोबाचं नवरात्र बसायच्या आधी. मी, हे आणि सासूबाई. मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेपासून षष्ठीपर्यंत गडावर पाय ठेवायला जागा नसते, सोमवती अमावास्येलाही तीच गत; त्या दिवशी देवाची पालखी कऱ्हा नदीवर स्नानाला जाते. सासूबाईंचं वय शहात्तर. त्यांच्या गुडघ्यांचा विचार करून आम्ही साधा, आडवार बघितला. तुम्हालाही म्हाताऱ्या माणसांना न्यायचं असेल तर तेच करा आणि उन्हं चढायच्या आत गड चढा.

आमच्या सामानात नारळ, भंडारा, पाण्याच्या बाटल्या यांबरोबर एक जादा डबा होता. शेजारणीने विचारलं, "एवढा कुणासाठी?" म्हटलं, "जेजुरीच्या कुत्र्यांसाठी." ती हसली. पण त्या डब्यामागे एक गोष्ट आहे, ती तुम्हाला सांगितलीच पाहिजे.

खंडोबा आणि त्याचा कुत्रा

खंडोबाचा टाक किंवा तसबीर आठवून पाहा. देव घोड्यावर, हातात खड्ग, जवळ म्हाळसा, घोड्याच्या पायाखाली दैत्य, आणि बरोबर धावणारा कुत्रा. मणी आणि मल्ल या दैत्यांना मारायला निघालेल्या देवाबरोबर कुत्राही लढाईला होता, अशी आपली समजूत. धनगरांचा, शिकाऱ्यांचा, घोडेस्वारांचा हा देव. कुत्र्यावाचून त्याचं चालायचं कसं? देवाच्या सेवेला वाहिलेले वाघ्ये तर स्वतःला देवाचे कुत्रेच म्हणवत. हातातल्या कोटंब्यात भिक्षा घ्यायची, आणि पूर्वी काही वाघ्ये कुत्र्यासारखं भुंकून त्या कोटंब्यात तोंड घालून खात असत. रा. चिं. ढेरे यांच्या 'दक्षिणेचा लोकदेव खंडोबा' या ग्रंथात या देवाची पाळंमुळं विस्ताराने तपासलेली आहेत. आवड असेल तर जरूर वाचा. १९७६ साली अरुण कोलटकरांचं 'जेजुरी' हे इंग्रजी कवितांचं पुस्तक निघालं. त्यातही मारुतीच्या पडक्या देवळात पिलांसकट बिऱ्हाड केलेली एक कुत्री आहे. थोडक्यात, जेजुरी म्हटली की कुत्रा आलाच.

म्हणूनच ज्यांचं कुलदैवत खंडोबा, त्यांच्या घरी चंपाषष्ठीच्या नैवेद्यातला घास कुत्र्याला घालायची चाल आहे. नैवेद्याचं पान असतं मोठं साधं आणि मोठं खमंग: जोंधळे शिजवून दही-मीठ घातलेला ठोंबरा, कणकेचा रोडगा, वांग्याचं भरीत, पातीचा कांदा आणि लसूण. चातुर्मासात ज्यांनी कांदा, लसूण, वांगी सोडलेली असतात, ती मंडळी या दिवसापासून पुन्हा खायला लागतात. त्यामुळे त्या दिवशी भरतात पात घालताना हात जरा सैलच सुटतो. आमच्या घरी तर सुटायचाच.

२०२२ ची चंपाषष्ठी

मोती आमच्याकडे २०२० साली आला, टाळेबंदीत. गावठी, बदामी रंगाचा, एक कान उभा आणि एक पडलेला. चौदा किलो वजन. त्याच्या आधी सासूबाई नैवेद्याचा घास घेऊन गल्लीतल्या कुत्र्याला शोधत फिरायच्या. मोती आला आणि त्या म्हणाल्या, "आता देवानेच घरी पाठवलाय."

२०२२ च्या चंपाषष्ठीला तळी उचलून झाली, "येळकोट येळकोट जय मल्हार" झालं, आणि त्यांनी आपल्या हाताने अख्खं पान मोतीपुढे ठेवलं. त्याने ते चाटूनपुसून साफ केलं. मुलांना मौज वाटली. पातेल्याच्या बुडाशी उरलेलं भरीतही त्यांनी त्याला घातलं. मी बघत होते, बरं का. मला त्यात काही वावगं वाटलं नाही, म्हणून दोष कुणा एकीचा नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने एकदा ओकारी काढली. म्हटलं, जास्त झालं असेल. तिसऱ्या दिवशी खाण्यावरची वासना गेली. चौथ्या दिवशी सकाळी तो उठेचना. उचलून अंगणात नेला तर लघवी झाली ती काळ्या चहाच्या रंगाची. ह्यांनी त्याचा ओठ वर करून बघितला; एरवी गुलाबी असणाऱ्या हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या पडल्या होत्या.

जनावरांच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "गेल्या आठवड्यात याच्या पोटात कांदा गेलाय का?"

माझ्या मागे उभ्या असलेल्या सासूबाई मटकन बाकावर बसल्या.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं ते असं. कांदा, कांद्याची पात, लसूण ही सारी एकाच कुळातली. त्यांतली काही द्रव्यं आपल्याला पचतात, पण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशींना ती इजा करतात. पेशी फुटायला लागतात. हे लगेच दिसत नाही. तीन, चार, पाच दिवसांनी दिसतं, आणि तोवर काय खाल्लं होतं हे घरातली माणसं विसरून गेलेली असतात. शरीराच्या वजनाच्या अर्धा टक्का कांदासुद्धा त्रास द्यायला पुरतो. म्हणजे दहा किलोच्या कुत्र्याला पन्नास ग्रॅम, एक लहानसा कांदा. लसूण तर त्याहून तीव्र. आणि हे नीट ध्यानात ठेवा: शिजवल्याने, भाजल्याने किंवा वाळवून पूड केल्याने कांद्याचा हा गुण जात नाही. म्हणजे कांदा-लसूण मसालाही आला, आणि रविवारच्या मटणाच्या रश्श्यात बुडवलेली पोळीही आली.

मोतीला सलाईन लागलं, दोनदा रक्त तपासलं, औषधं झाली. तो वाचला. पण बसला सासूबाईंच्या मनाला. "देवाच्या पानानं असं कसं होईल गं?" हे त्या मला विचारायच्या, ह्यांना विचारायच्या, एकदा तर मोतीलाच विचारताना मी ऐकलं. मी काय सांगणार? डॉक्टर खोटे म्हणावेत तर मोती डोळ्यांसमोर होता. नैवेद्य खोटा म्हणावा तर चाळीस वर्षं त्यांनी तो श्रद्धेने रांधला होता. पुढचं वर्ष जवळ आलं तेव्हा त्या एक दिवस म्हणाल्या, "यंदा मी पान वाढणार नाही. तू वाढ, नाहीतर राहू दे." त्या संध्याकाळी ह्यांनी ठरवलं, आईला जेजुरीला न्यायचं.

गडावर

जेजुरी गडाला नऊ लाख पायऱ्या, असं गाण्याबोलण्यात म्हणतात. खऱ्या पायऱ्या आहेत काही शेकडो, पण रुंद आणि मजबूत. वाटेत कमानी आणि दीपमाळा आहेत. अर्ध्या वाटेवर बाणाईचं देऊळ लागतं. म्हाळसा वर देवाजवळ आणि ही धनगराची लेक मध्येच थांबलेली. सासूबाई तिथे हटकून टेकतात. "हिला भेटल्याशिवाय वर गेलेलं देवाला चालत नाही," असं त्यांचं म्हणणं. होळकरांचं हे कुलदैवत. गडावरचं बरंचसं दगडी बांधकाम त्या घराण्याचं. वर अंगणात पितळी पत्र्याने मढवलेलं भलं मोठं कासव आहे. त्याच्यावर उभं राहून मंडळी तळी उचलतात, भंडारा आणि खोबरं उधळतात. फरशी पिवळी, भिंती पिवळ्या, माणसं पिवळी. आणि भिंतीच्या सावलीला पिवळ्या पाठींची चार-पाच कुत्री पसरलेली, अगदी घरच्यासारखी.

मी त्या दिवशी देवाइतकंच त्या कुत्र्यांकडे बघत होते. अर्ध्या तासात त्यांना काय काय मिळालं सांगू? एका कॉलेजातल्या मुलीने ग्लुकोज बिस्किटांचा पुडा सोडला. एका आजोबांनी दोन पेढे घातले. कुणी शेव टाकली. उधळलेल्या खोबऱ्याचे तुकडे तर ती स्वतःच वेचून खात होती. देणाऱ्या प्रत्येकाच्या चेहऱ्यावर माया होती. पण मायेने दिलेलं सगळंच मानवतं असं नाही, हे आम्ही चांगलं शिकलो होतो.

बिस्किटांनी कुत्रं मरत नाही, हे खरं. पण ती म्हणजे मैदा आणि साखर; पोट भरल्यासारखं वाटतं आणि अंगी काही लागत नाही. पेढ्यात साखर आणि आटीव दूध. पुष्कळ मोठ्या कुत्र्यांना दुधातली साखर पचत नाही, पोट बिघडतं. शेव म्हणजे मीठ, तिखट, तेल. खोबऱ्याचा एखादा तुकडा चालेल, पण ओंजळभर खाल्लं तर एवढी चरबी पोटाला सोसत नाही. जुलाब होतात, कधी स्वादुपिंडाला सूजही येते.

मी डबा उघडला. आत होते उकडलेल्या अंड्याचे तुकडे, उकडलेलं रताळं, गाजराच्या फोडी आणि बिनमिठाच्या भाकरीचे कडक तुकडे. एक पडक्या कानाची कुत्री आधी माझ्या हाताला हुंगून गेली, मग परत आली आणि अंडं अलगद उचलून घेऊन गेली. गाजराची फोड तिने दोनदा तोंडात घेऊन टाकली, तिसऱ्यांदा खाल्ली. सासूबाई लांबून बघत होत्या. जवळ काही आल्या नाहीत.

भंडारा विकणारी बाई

उतरताना पायथ्याशी भंडाऱ्याच्या एका दुकानात पाणी प्यायला थांबलो. दुकानातली बाई पन्नाशीची असेल. माझ्या हातातला रिकामा डबा बघून तिने चौकशी केली, आणि कसं कोण जाणे, वर्षभर कुणापुढे न बोललेल्या सासूबाईंनी तिला सगळं सांगून टाकलं. अगदी त्या चहाच्या रंगाच्या लघवीपर्यंत.

बाईने ऐकून घेतलं. म्हणाली, "आजी, द्येवाचं पान द्येवाला. कुत्र्याचा घास आपुन निराळा काढायचा. माझ्या सासऱ्यांची मेंढरं हुती. मेंढरांमागच्या कुत्र्याला ताकात कालवल्याली भाकरी मिळायची. कांद्याचं कालवण त्याला कवाच नाय घातलं. घास घाला म्हनलंय, पानच म्होरं ठिवा असं कुटं म्हनलंय?"

सासूबाई काही बोलल्या नाहीत. परतीच्या वाटेवर दिवे घाट उतरून गाडी सपाटीला लागली तेव्हा एकदम म्हणाल्या, "अगं, ठोंबरा!"

मला कळेना. त्या बोटांवर मोजायला लागल्या. "पानात काय काय असतं? ठोंबरा, रोडगा, भरीत, पात, लसूण. भरीत-पात-लसूण त्याला चालत नाही. पण जोंधळ्याचा ठोंबरा त्याला काय करणार आहे? रोडगा काय करणार आहे? ते तर पानातलंच आहे की!"

खरंच की! डॉक्टर सांगत होते ते आणि देवाच्या पानातलं ते, दोन्ही एका जागी बसत होतं. आम्हीच सगळं कालवून त्याच्यापुढे ठेवत होतो.

आता थोडं स्वयंपाकघरातलं

घरी आल्यावर मी डॉक्टरांकडे पुन्हा गेले आणि वही घेऊन बसले. त्या वहीतलं तुमच्या उपयोगाचं इथे देते.

पहिली गोष्ट मापाची. खाऊ तो खाऊ, जेवण ते जेवण. दिवसभरात कुत्र्याला जेवढे उष्मांक लागतात त्याच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त खाऊ नको. दहा किलोच्या मोठ्या कुत्र्याला दिवसाला साधारण सहाशे उष्मांक लागतात, म्हणजे खाऊच्या वाट्याला आले साठ. एक उकडलेलं अंडं सत्तरच्या आसपास जातं. तेव्हा लहान कुत्र्याला अर्धंच द्या. तीन ग्लुकोज बिस्किटांतही तेवढाच वाटा संपतो, आणि हाती काही लागत नाही. कुत्रा तुकड्यांची संख्या मोजतो, आकार नाही. हरभऱ्याएवढे दहा तुकडे केलेत तर त्याला दहादा खाऊ मिळाल्याचा आनंद होतो.

काय द्यावं? आपल्या घरात असतंच ते. उकडलेलं किंवा कच्चं गाजर, काकडी, बिनमिठाचा उकडलेला लाल भोपळा, रताळं, फरसबी. बिया आणि मधला भाग काढून सफरचंदाच्या फोडी. बिया काढलेलं कलिंगड, उन्हाळ्यात फार आवडतं. उकडलेलं अंडं. मीठ-मसाला न घालता शिजवलेली कोंबडी, हाडं काढून. घट्ट साधं दही एक-दोन चमचे. दूध न सोसणाऱ्या पुष्कळ कुत्र्यांना थोडं दही सोसतं. सीताफळाचा गर चमचाभर चालेल, पण बी एकसुद्धा पोटात जाता कामा नये. नवा पदार्थ एका वेळी एकच द्या आणि दोन दिवस पोट कसं राहतं ते बघा. पिलू असेल, म्हातारा असेल, किंवा मूत्रपिंडाचं, मधुमेहाचं दुखणं असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

काय देऊ नये? ही यादी स्वयंपाकघरात फडताळाच्या दाराला आतून चिकटवा. कांदा, पात, लसूण, हे तर झालंच. द्राक्षं, बेदाणे, मनुका अजिबात नाहीत. त्यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, आणि कुणाला किती बाधेल याचा भरवसा नसतो. आता विचार करा, सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा आणि दिवाळीचा चिवडा, दोन्हींत बेदाणे असतात! २०२१ च्या सुमारास अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी द्राक्षांतलं टार्टारिक आम्ल हेच याचं कारण असावं असं मांडलं. हे आम्ल चिंचेतही भरपूर असतं. म्हणून आमच्याकडे चिंचेची आमटी आता मोतीपासून दूर असते. चॉकलेट नको, जितकं काळं आणि कडू, तितकं वाईट. बिनसाखरेच्या च्युइंगगममध्ये आणि काही गोड पदार्थांत झायलिटॉल नावाची गोडी असते. ती कुत्र्याच्या रक्तातली साखर झपाट्याने खाली आणते आणि यकृताला इजा करते. शिजवलेली हाडं नकोत. ती चिरफळतात आणि घशात, आतड्यात रुततात. कच्ची आंबवलेली कणीकही नको. ती पोटात फुगते.

चुकून यातलं काही गेलंच, तर त्रास दिसायची वाट बघू नका. काय खाल्लं, किती, केव्हा, हे कागदावर लिहा आणि लगेच डॉक्टरांना फोन करा. पहिल्या एक-दोन तासांत ते पोट रिकामं करू शकतात. घरच्या घरी मिठाचं पाणी पाजून ओकारी काढायला जाऊ नका. त्या मिठानेच जीव जायचा.

कुत्र्याचा ठोंबरा

एक वाटी जोंधळे निवडून, धुऊन रात्रभर भिजत घाला. सकाळी पाणी बदलून चार वाट्या पाण्यात कुकरला सहा-सात शिट्ट्या द्या. दाणा बोटाने सहज चिरडला पाहिजे. कच्चट राहिला तर आणखी शिजवा, नाहीतर कुत्र्याला पचत नाही, जसाच्या तसा बाहेर पडतो. डावाने घोटा आणि कोमट होऊ द्या. आता मीठ घालायच्या *आधी* कुत्र्याचा वाटा बाजूला काढा. मोतीच्या आकाराच्या कुत्र्याला दोन टेबलचमचे पुरे. त्यात एक चमचा साधं दही कालवा. उरलेल्यात मीठ, दही घालून देवाचा आणि आपला ठोंबरा करा. रोडगाही तसाच: तुपात बुडवायच्या आधी एक बिनमिठाचा छोटा गोळा वेगळा भाजा आणि कुस्करून द्या.

उरलेला बिनमिठाचा ठोंबरा झाकून फ्रिजमध्ये दोन दिवस राहतो. मी त्यात कधी गाजर किसून घालते.

आणि गल्लीतल्या किंवा तीर्थाच्या गावातल्या अनोळखी कुत्र्याला घालणार असाल, तर दोन गोष्टी. घास हातातून भरवू नका; पानावर किंवा कागदावर ठेवून मागे सरा, आणि मग कागद उचला. जिन्याच्या तोंडाशी, शाळेच्या दारात, मुलांच्या खेळायच्या जागी घालू नका. केंद्र सरकारच्या २०२३ च्या नियमांतही खाऊ घालायची जागा अशा ठिकाणांपासून दूर असावी असं म्हटलं आहे. मुलांना कुत्रं जेवत असताना जवळ जाऊ देऊ नका. दात किंवा नख लागलंच, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस घ्या. हळद, चुना, तिखट भरत बसू नका.

पान पुन्हा मांडलं

२०२३ ची चंपाषष्ठी डिसेंबरात होती, आम्ही जेजुरीहून परतल्यावर थोड्याच दिवसांनी. पहाटे मला कुकरची शिट्टी ऐकू आली. जाऊन बघते तर सासूबाई जोंधळे लावून ओट्याशी उभ्या. मला म्हणाल्या, "मीठ कुठे ठेवलंयस? लांब ठेव. मागितल्याशिवाय देऊ नकोस मला."

पान त्यांनीच वाढलं. ठोंबरा, रोडगा, भरीत, पात, लसूण, सगळं साग्रसंगीत. भरतात पात नेहमीसारखी हात सैल सोडून. देवापुढे पान ठेवलं, शेजारी एक छोटी पितळी वाटी ठेवली. तळी उचलली. भंडारा सगळ्यांच्या कपाळाला लागला, मोतीच्याही. मग त्यांनी पान उचलून आमच्याकडे दिलं आणि वाटी घेऊन खाली बसल्या. गुडघे दुखतात म्हणून जमिनीवर बसणं त्यांनी सोडलंय, पण त्या दिवशी बसल्या.

मोतीने वाटी चाटूनपुसून साफ केली आणि मग शेपूट हलवत भरताच्या पातेल्याकडे निघाला.

"ते तुझं नाही रे," म्हणून सासूबाईंनी पातेल्यावर झाकण ठेवलं, वर वरवंटाही ठेवला.

पुढचे पाच दिवस त्या रोज सकाळी त्याचा ओठ वर करून हिरड्या बघत होत्या. सहाव्या दिवशी बघितलं नाही. तेव्हापासून दर वर्षी ती पितळी वाटी घासून ठेवायचं काम त्या माझ्यावर सोपवत नाहीत, स्वतःच करतात. आणि भजनाच्या बायकांत मार्गशीर्ष लागला की त्यांचं एक वाक्य ठरलेलं असतं: "मीठ घालायच्या आधी दोन चमचे बाजूला काढा, बायांनो." तुम्हीही काढा.